दुकानातील अंडी आणि एकवीस दिवसांची वाट

स्मरणिकेसाठी विज्ञान विभागाने काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा नेहमीचे विषय आमच्यासमोर होते. प्रयोगशाळेची वाढ, प्रदर्शनांतील पारितोषिके, परीक्षांचे निकाल हे सारे वार्षिक अहवालात येतच असते. म्हणून येथे आम्ही एका फसलेल्या प्रयोगाविषयी लिहावयाचे ठरविले. त्यामागील प्रश्न साधा आहे आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत तो कोणी ना कोणी विचारतो : दुकानातून आणलेली अंडी उबवली, तर त्यांतून पिल्ले निघतील काय? उत्तर एका वाक्यात देता येते. ते आम्ही वेळेवर दिले नाही, आणि त्याचा भार एका लहान मुलाने वाहिला. हा लेख त्या उत्तराचा, आणि काही अंशी त्या उशिराचाही आहे.

सहा अंडी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीतील एक विद्यार्थी विज्ञानाच्या तासानंतर आमच्याकडे आला. त्या वेळी वसतिगृहात आठवड्यातून दोनदा न्याहारीला उकडलेले अंडे मिळत असे. पुढील तीन आठवडे आपल्या वाट्याचे अंडे खाणार नाही, या बोलीवर त्याने स्वयंपाकघरातील मावशींकडून सहा कच्ची अंडी मागून घेतली होती. ती कशासाठी हवीत, हे मात्र त्यांना सांगितले नव्हते. गावी त्याच्या आजीच्या कोंबड्या रोगाच्या साथीत मेल्या होत्या. खुराडे रिकामे पडले होते. दिवाळीच्या सुट्टीत आजीसाठी पिल्ले घेऊन जावयाची, असा त्याचा बेत होता.

आम्ही त्याला प्रयोगशाळेतील एक कोपरा दिला. पुठ्ठ्याचे खोके, ४० वॅटचा बल्ब, तापमापक आणि पाण्याची वाटी दिली. त्या अंड्यांतून काहीही निघणार नाही, हे आम्हांला ठाऊक होते. मुलाला अनुभवातून शिकू द्यावे, एकविसाव्या दिवशी कारण समजावून सांगावे, असा आमचा विचार होता. तो विचार आम्हांला त्या वेळी शिक्षणशास्त्राला धरूनच वाटला.

मुलाने काम मनापासून केले. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूस पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूस गोल काढला, म्हणजे कोणते अंडे फिरवले आणि कोणते राहिले ते कळावे. सकाळी परिपाठापूर्वी, दुपारच्या सुट्टीत आणि रात्रीच्या अभ्यासानंतर तो अंडी फिरवी आणि तापमान वहीत लिही. बाराव्या रात्री वीज गेली व पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी तो आला तेव्हा खोके थंड पडले होते. एकविसावा दिवस आला आणि गेला. तेविसाव्या दिवशी त्यांतील एक अंडे फुटले आणि त्याची दुर्गंधी सबंध व्हरांड्यात पसरली. खोके बाहेर नेऊन पुरावे लागले.

त्यानंतर आम्ही त्याला ठरल्याप्रमाणे कारण सांगितले. त्याने मान डोलावली. पुढे काही दिवसांनी वह्या तपासताना त्याच्या वहीतील बाराव्या दिवसाच्या नोंदीपुढे एक वाक्य आढळले : ‘मी झोपलो म्हणून ती मेली.’

एक दृष्टान्त आणि त्यातील गृहीत

हे वाक्य मुलाने आपल्या मनाने रचले नव्हते. संयुत्त निकायाच्या खन्ध वर्गात कोंबडीच्या अंड्यांचा एक दृष्टान्त आहे आणि तो आमच्या परिपाठात अनेकदा सांगितला जातो. कोंबडीची आठ, दहा किंवा बारा अंडी आहेत. ती त्यांवर नीट बसली नाही, त्यांना नीट ऊब दिली नाही, तर पिल्ले सुखरूप बाहेर यावीत असे तिला कितीही वाटले तरी ती येणार नाहीत. उलट ती नीट बसली असेल, तर तिने तशी इच्छा केली नाही तरी पिल्ले कवच फोडून बाहेर येतील. नुसत्या इच्छेने फळ मिळत नाही, त्यासाठी साधना घडावी लागते, असा त्याचा आशय आहे.

मुलाने या दृष्टान्तावरून अगदी सरळ अनुमान काढले होते. पिल्ले निघाली नाहीत, त्याअर्थी ऊब नीट दिली गेली नाही. त्याअर्थी दोष आपला. त्याच्या तर्कात खोट नव्हती. मात्र ज्या काळी व ज्या समाजात तो दृष्टान्त सांगितला गेला, तेथे घराच्या अंगणात कोंबड्यांबरोबर कोंबडाही फिरत असे, म्हणून अंड्यात बीज आहे हे न सांगताही सर्वांना समजत होते. आज अंडे ट्रेमधून येते आणि ते गृहीत त्याच्याबरोबर येत नाही. ही गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी सांगावयास हवी होती.

दुकानातील अंडे कोठून येते

बाजारात मिळणारी बहुतेक पांढरी अंडी लेयर जातीच्या कोंबड्यांच्या फार्मवरून येतात. तेथे केवळ माद्याच पाळलेल्या असतात. साधारण १८ ते २० आठवड्यांची झाली की कोंबडी अंडी देऊ लागते, आणि या निवडक जातींची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. त्यासाठी कोंबडा लागत नाही. अंडे तयार करणे ही मादीच्या शरीराची स्वतःची, नियमाने चालणारी क्रिया आहे. नराचा संबंध येतो तो केवळ त्या अंड्यातून पिल्लू व्हावयाचे असेल तेव्हा. या जातींत खुडूक बसण्याची वृत्तीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जवळजवळ नाहीशी केलेली आहे, कारण खुडूक झालेली कोंबडी अंडी देणे थांबवते.

म्हणून दुकानातील असे अंडे अफलित असते. त्याला कितीही काटेकोर ऊब दिली, कितीही वेळा फिरवले, तरी त्यात वाढण्यासारखे काही नसते. सुमारे ३७ अंशांच्या उबेत ते फक्त नासत जाते; आत वायू साठतो आणि शेवटी ते फुटते. आमच्या विद्यार्थ्याच्या सहा अंड्यांत काही मेले नव्हते, कारण त्यांत पिल्लाच्या आयुष्याची सुरुवातच झालेली नव्हती. पुढे मावशींना सारा प्रकार कळला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘लेकरा, मला आधी सांगायचं होतंस. जिथं कोंबडाच नाही तिथलं अंडं बसवून काय उपयोग?’

फलित अंडे म्हणजे काय

कोंबडीच्या अंडाशयातून पिवळा बलक सुटतो आणि अंडवाहिनीच्या तोंडाशी येतो. फलन व्हावयाचे असेल तर ते येथेच, साधारण पहिल्या पाव तासात व्हावे लागते. त्यानंतर बलकावर पांढऱ्या बलकाचे थर चढतात, मग पातळ पापुद्रे आणि अखेरीस कवच. या सर्व प्रवासास २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतील बहुतेक वेळ कवच बनण्यात जातो. एकदा कवच चढले की त्या अंड्याला बाहेरून फलित करणारी कोणतीही युक्ती जगात नाही. अंडी कोंबड्याजवळ ठेवावीत म्हणजे चालेल, असे काही मुले सुचवतात. त्याचे उत्तर यात आले.

नराचे शुक्राणू कोंबडीच्या अंडवाहिनीतील सूक्ष्म नळ्यांत दोन आठवड्यांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे कोंबडा विकल्यानंतरही काही दिवस घरची अंडी फलित निघू शकतात. अंडे घातले जाते त्या क्षणी फलित अंड्यातील बीजाच्या हजारो पेशी झालेल्या असतात. बाहेर येऊन अंडे थंड झाले की ही वाढ थांबते आणि पुन्हा ऊब मिळेपर्यंत बीज जणू झोपी जाते. म्हणूनच कोंबडी आठ-दहा दिवस रोज एकेक अंडे घालते, मग त्यांवर बसते, आणि पिल्ले मात्र जवळजवळ एकाच दिवशी निघतात.

ओळखावे कसे?

न फोडता, न उबवता अंडे फलित आहे की नाही हे घरी सांगता येत नाही. फोडून पाहिले तर बलकावर एक लहान फिकट ठिपका दिसतो. अफलित अंड्यात तो लहान, भरीव आणि काहीसा वेडावाकडा असतो. फलित अंड्यात तो थोडा मोठा असून त्याभोवती स्पष्ट वलय असते.

याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. बलकावर कधीकधी दिसणारा रक्ताचा ठिपका हा पिल्लाचा अंश नव्हे. बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की तो येतो आणि अफलित अंड्यातही दिसतो. बलकाच्या दोन्ही बाजूंस असणारे पांढरे पीळदार दोरे बलकाला मध्यभागी धरून ठेवतात. त्यांचाही गर्भाशी संबंध नाही. बलकाचा गडद रंग खाद्यावर आणि कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. पाण्यात तरंगणारे अंडे जुने आहे एवढेच कळते. तपकिरी कवच पाहून अंडे गावरान आणि म्हणून फलित मानणे तर सर्वांत फसवे.

खरोखर गावरान, म्हणजे कोंबड्याबरोबर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी बाजारात मिळाली, तर त्यांतून पिल्ले निघणे शक्य आहे. पण तीही घातल्यापासून आठवड्याच्या आत बसवलेली बरी. फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेली, टोपलीत आदळत आलेली, पाण्याने धुतलेली किंवा उन्हाळ्याच्या झळांत पडून राहिलेली अंडी भरवशाची नसतात. सुमारे २१ अंशांच्या वर तापमान गेले की झोपलेले बीज अर्धवट जागे होते आणि पुरेशी ऊब न मिळाल्याने अशक्त होत जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात ठेवलेल्या अंड्यांतून पिल्ले कमी निघतात, त्याचे एक कारण हे आहे.

उबेचे एकवीस दिवस

अंड्यातील वाढ दिवसागणिक पाहण्याची पद्धत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने अंडी क्रमाक्रमाने फोडून गर्भाची वाढ नोंदविली आणि रक्ताच्या ठिपक्यासारखे धडधडणारे हृदय वर्णन केले. आज आपल्याला ठाऊक आहे की हे हृदय दुसऱ्या दिवशीच धडधडू लागते. पुढच्या दिवसांत पंख आणि पाय यांचे कोंब दिसू लागतात. दुसऱ्या आठवड्यात चोच आणि लव येते. हाडांसाठी लागणारा चुना पिल्लू कवचातूनच घेते. शेवटच्या दोन दिवसांत उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो. विसाव्या दिवसाच्या सुमारास ते अंड्याच्या बोथट टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते, आणि साधारण एकविसाव्या दिवशी चोचीवरील लहानशा टोकदार दाताने कवच फोडून बाहेर येते. हा दात काही दिवसांत गळून पडतो.

हे सर्व घडण्यासाठी चार गोष्टी लागतात. पहिली ऊब : पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस. साध्या खोक्यात अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून ३८ ते ३८.५ अंश. दुसरी दमट हवा : पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, नंतर ६५ ते ७० टक्के. तिसरी फिरवणे : दिवसातून किमान तीनदा, अठराव्या दिवसापर्यंत, नाहीतर गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटतो. चौथी मोकळी हवा, कारण कवचाच्या हजारो छिद्रांतून आतील जीव श्वास घेत असतो. खुडूक कोंबडी या चारही गोष्टी कोणी न शिकवता करते. तिच्या पोटाखालची पिसे गळून उघडी कातडी थेट अंड्यांना लागते, आणि चोचीने ती अंडी सारखी फिरवीत असते.

आणि एक गोष्ट, जी आम्ही त्या मुलाला सर्वांत आधी सांगावयास हवी होती. कोंबडी रोज चारापाण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे उठते. तेवढ्यात अंडी थोडी थंड होतातच, आणि गर्भ ते सहन करतो. काही तास वीज गेली म्हणून सर्व पिल्ले मरतातच असे नाही. बहुधा ती थोडी उशिरा निघतात. त्याची अंडी फलित असती, तरी त्या एका झोपेने सारे संपले असतेच असे नाही.

दुसरा प्रयत्न

ती नोंद वाचल्यावर समजुतीचे शब्द पुरेसे नाहीत, हे आमच्या ध्यानात आले. दिवाळीनंतर थंडीच्या दिवसांत आम्ही त्या मुलास व त्याच्या काही वर्गमित्रांस घेऊन जवळच्या वस्तीवर गेलो. तेथील एका घरी आठ कोंबड्या आणि एक कोंबडा होता. गेल्या पाच दिवसांतील १२ अंडी मिळाली. पूर्वीचेच खोके नव्याने बांधले आणि रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या.

सातव्या रात्री खोली अंधारी करून, पुठ्ठ्याला भोक पाडून, त्यावर अंडे धरले आणि खालून बॅटरीचा उजेड टाकला. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला. तीन अंडी मात्र आरपार स्वच्छ होती. मुलाने ती तीन अंडी लगेच काढू दिली नाहीत. तितकीच ऊब त्यांनाही मिळू द्यावी, असा त्याचा आग्रह होता. दहाव्या दिवशी ती ताटल्यांत फोडली. शेजारी मावशींनी ट्रेमधील एक ताजे अंडे फोडून ठेवले. ट्रेमधील अंड्याचा बलक ताठ होता, या तिघांचा काहीसा पसरट. पण चारही बलकांवर तोच लहान, भरीव, वलय नसलेला ठिपका होता. एकाच खोक्यात, एकाच उबेत, एकाच पाळ्यांत नऊ वाढली आणि तीन वाढली नाहीत. मुलगा बराच वेळ ताटल्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘सर, म्हणजे माझी सहाही अशीच होती.’

त्यानंतर एका रात्री दोन तास वीज नव्हती. मुलांनी खोक्यावर घोंगडी टाकली. विसाव्या दिवशी संध्याकाळी आतून चिवचिव ऐकू आली आणि पुढल्या दीड दिवसात सात पिल्ले बाहेर आली. दोन पिल्ले कवचातच राहिली. अखेरच्या दिवसांत आम्ही सर्वांनीच उत्सुकतेने वारंवार झाकण उघडले आणि आतील दमट हवा जाऊ दिली, हे त्याचे कारण असावे. तीही नोंद वहीत आहे, आणि ती ‘आम्ही’ अशी आहे.

पिल्ले निघाल्यानंतर

घरी हा प्रयोग करू इच्छिणाऱ्या पालकांना आमचे सांगणे आहे की पिल्लू निघणे हा प्रयोगाचा शेवट नसून जबाबदारीचा आरंभ आहे. पोटातील बलकावर पिल्लू दोन दिवस निभावते. पण नंतर खाद्य, पाणी आणि पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. ती दर आठवड्यास थोडी कमी करावयाची असते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाची लस पहिल्या आठवड्यातच द्यावी. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याची माहिती मिळते. त्या मुलाच्या आजीच्या कोंबड्या ज्या तऱ्हेने माना टाकून गेल्या होत्या, त्यावरून तो हाच रोग असावा. पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. आणि निघालेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मे नर असणार, त्यांचे काय करावयाचे हे अंडी बसवण्यापूर्वीच ठरवावे. मोठ्या व्यवसायाने हा प्रश्न लेयर जातीची नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारून सोडविला. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने ही प्रथा बंद केली. अंगणात कोंबड्या पाळणाऱ्यालाही लहान प्रमाणात तोच प्रश्न पडतो.

आता कोणी विद्यार्थी अंडी घेऊन आला, की खोके देण्यापूर्वी आम्ही त्याच ठिकाणचे एक अंडे त्याच्यासमोर ताटलीत फोडतो आणि विचारतो, ‘ठिपक्याभोवती वलय दिसते का?’ एका अंड्याने सर्वांचा निर्णय होत नाही, पण वाट पाहण्यास काही आधार आहे की नाही, ते कळते. अनुभवातून शिकवावे हे खरेच. पण मुलाने ज्यात काळीज घातले आहे, त्यात जे आम्हांला आधीच ठाऊक आहे ते लपवून ठेवणे म्हणजे शिकवणे नव्हे, हे आम्ही त्या वर्षी शिकलो.

त्या उन्हाळी सुट्टीत दोन तलंगा आणि एक कोंबडा डालग्यात घालून तो विद्यार्थी एस. टी.ने गावी गेला. उरलेले चार पक्षी वस्तीवरील घरी परत दिले. आज तो आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक आहे आणि हा मजकूर त्याच्या अनुमतीने लिहिला आहे. त्याची वही प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. बाराव्या दिवसाचे ते वाक्य त्याने पुढे एका रेघेने खोडले आणि त्याखाली लिहिले : ‘अंडी अफलित होती. तापमान बरोबर होते.’